भावाच्या बागेतली तुती बेटावर चालेल का?

वाचक विचारतात

या वाचक ताईंचं माहेर मराठवाड्यात आणि सासर दक्षिण अंदमानात. सासरचं कुटुंब फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन बेटावर वसलं. घराची जमीन दोन तुकड्यांत आहे. वर उतारावर सुमारे एकरभर नारळ-सुपारी आहे. खाली एकरभर सखल वावर आहे. तिथे पूर्वी भात व्हायचा, पण २००४ च्या त्सुनामीत समुद्राचं पाणी शिरलं आणि तेव्हापासून पीक नीट येत नाही. माहेरी भाऊ दोन एकर तुतीच्या पानावर रेशीम अळ्यांच्या वर्षाला सहा बॅच घेतो आणि त्यातून त्याचं घर सावरलं आहे. तो म्हणतो, "व्ही-१ हा वाण सोडून दुसरं काही लावू नकोस. कांड्या मी पार्सल करतो, पडीक वावरात अख्खा एकर लावून टाक." एका ओळखीच्या माणसाने जपानी वाण सुचवला आहे. काळी मोठी फळं येणारी तुती ऑनलाइन मिळते, तिचा मोहही आहे. यजमानांना वाटतं, एवढ्या पावसाच्या मुलखात तुती रानासारखी वाढेल, वाणाचा एवढा विचार कशाला? आणि एवढं करून कोष विकायचे कुठे? ताई विचारतात: उष्ण, दमट बेटावर कोणता वाण लावू? आणि सगळा एकर एकदम लावू का?

उत्तर

ताई, भावाचा सल्ला त्याच्या जमिनीपुरता अगदी बरोबर आहे. व्ही-१ म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तयार झाला आणि १९९७ च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. हमखास पाणी आणि भरपूर खत दिलं, तर तो हेक्टरी वर्षाला ६० टनांहून जास्त पान देतो. मराठवाड्यातल्या रेशीम शेतीला त्याने मोठा हात दिला, यात शंका नाही. पण 'हमखास पाणी, भरपूर खत' ही अट त्याच्यासोबतच येते. व्ही-१ साठी शिफारस आहे हेक्टरी वर्षाला ३५० किलो नत्र, १४० किलो स्फुरद आणि १४० किलो पालाश. भावाकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, बाकीचं पाणी तो ठिबकने मोजून देतो. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मुळाशी टाकलेला युरिया किती राहील आणि ओढ्याने समुद्रात किती जाईल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला असेल.

तरीही वाणाकडे मी लगेच येत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही, भाऊ आणि यजमान तिघांनीही गृहीत धरली आहे. जास्त पान म्हणजे जास्त कोष, असं तिघांनाही वाटतं. मला वाटतं, सगळा घोळ इथेच होतो.

पान तुती देते, पण कोष अळी करते. अळीला काय हवं ते भावाला तोंडपाठ असेल. लहानपणी, म्हणजे चॉकीच्या दिवसांत, तिला सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान आणि ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता मानवते. तुमच्या बेटावर हे फुकट मिळतं. पण चौथी कात टाकून अळी पाचव्या अवस्थेत गेली की तिची गरज उलटी होते. तेव्हा तिला तेवीस ते पंचवीस अंश, सत्तर टक्क्यांपर्यंत आर्द्रता आणि खेळती हवा लागते. अळीच्या आयुष्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त पान याच आठवड्यात खाल्लं जातं. मे ते नोव्हेंबर तुमच्याकडे हे जमवणं फार कठीण. पान ओलं, अळ्यांचं बेड ओलं, हवा ओली. अशा वेळी फ्लॅचरी, मस्कार्डिन हे रोग शेडमध्ये घर करतात. शेतात हिरवंगार पान उभं असतं आणि रॅकवर अळ्या मऊ पडत जातात. आपल्याकडेही रेशीम बीड, जालना, लातूर, धाराशिवकडे पसरलं, कोकणात तसं पसरलं नाही. त्याला बाजारापासून मजुरीपर्यंत अनेक कारणं असतील, पण त्या ओलाव्याचाही यात हात आहे, असं माझं मत आहे.

आता तुमचं वर्ष उलट बाजूने मांडून पाहा. डिसेंबर ते एप्रिल हे तुमचे अळ्यांचे महिने. पाऊस थांबलेला असतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सुसह्य. या काळात दोन, फार तर तीन बॅच नीट निघतील. पण याच महिन्यांत बेटावर पाण्याची ओढ असते. फेब्रुवारीनंतर विहिरीची काय अवस्था होते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच जाणून घ्यायचं आहे. म्हणजे तुमच्यापुढचा पेच असा: पान भरपूर असतं तेव्हा अळी जगत नाही, अळी जगते तेव्हा पानाला पाणी नाही.

म्हणून तुमच्यासाठी वाण निवडायची कसोटी वर्षाच्या टनांची नाही. जून ते ऑक्टोबर पावसात मूळ कुजू न देता, पानाला फार ठिपके आणि तांबेरा येऊ न देता जो तग धरतो, आणि पुढे डिसेंबर ते एप्रिल थोड्या पाण्यावरही खाण्याजोगं पान देतो, तो तुमचा वाण. अशा वाणाचं वार्षिक उत्पन्न व्ही-१ च्या दोन तृतीयांश भरलं तरी तुमचं काही बिघडत नाही, कारण पावसाळ्यातलं पान तुम्ही अळ्यांना घालणारच नाही.

हे मान्य असेल तर पुढची निवड बरीच सोपी होते. पण तीही बेटासाठी एकच करता येत नाही, कारण तुमचेच दोन तुकडे दोन वेगळ्या स्वभावांचे आहेत.

आधी वरचा उतार. भावाने पडीक वावराकडे बोट दाखवलं. मी म्हणेन, सुरुवात वरून करा. पाणी निचरून जातं, हा तुमच्या मुलखात तुतीसाठी सगळ्यात मोठा गुण. मात्र नारळ आणि सुपारी यांत फरक करा. नारळ साडेसात मीटरवर लावलेले असतील आणि झाडं उंच झाली असतील, तर खाली बऱ्यापैकी ऊन उतरतं. सुपारी पावणेतीन मीटरवर असते. तिच्या गर्द सावलीत तुती लावून उपयोग नाही. नारळाच्या विरळ सावलीसाठी म्हैसूरच्या संस्थेने 'सहाना' नावाचा वाण दिला आहे. नारळ बागेत आंतरपीक म्हणून घेता यावा हाच त्यामागचा विचार होता, त्यामुळे तुमच्या यादीत तो पहिला असावा. एक खबरदारी घ्या. सावलीतल्या पानात पाणी जास्त आणि साखर कमी असते. चॉकीच्या अळ्यांना ते कोवळं पान चालेल, पण प्रौढ अळ्यांना निव्वळ सावलीचं पान घालू नका. त्यासाठी उताराचा उघडा कडेचा पट्टा राखून ठेवा.

त्या उघड्या पट्ट्यावर काय लावायचं? इथे मी तुम्हाला म्हैसूरऐवजी बंगालकडे बघायला सांगेन. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरामपूरला केंद्रीय रेशीम मंडळाची दुसरी मोठी संशोधन संस्था आहे. तिचं बरंचसं काम उष्ण-दमट हवेतलं आहे. तिथला एस-१६३५ हा त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) वाण गंगेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं टिकला आहे आणि सी-२०३८ हा त्याच्या नंतरचा. पाण्याची ओढ असेल तर कोरडवाहूसाठी काढलेले एस-१३ आणि एस-३४ हे म्हैसूरचे वाणही चाचणीत धरा. चॉकीच्या पानासाठी एस-३६ चं नाव चांगलं आहे. त्याचं पान मऊ, रसदार असतं, पण त्याची एखादीच ओळ पुरे. व्ही-१ लाही बाहेर ठेवू नका. त्याची जागा त्या पट्ट्याच्या एका कोपऱ्यात आहे, अख्ख्या एकरात नाही. त्याचं मोठं, मांसल पान कोरड्या मराठवाड्यात वरदान ठरतं. तुमच्या हवेत तेच पान, दाट लावलेल्या बागेत, किती निरोगी राहतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर पैसे लावू नयेत.

आता खालचं वावर. त्याबद्दल तुमच्या पत्रात जी तळमळ आहे, ती मला समजते. वीस वर्षं पडून राहिलेली जमीन पुन्हा हिरवी व्हावी, असं कोणाला वाटणार नाही? पण तुतीला साचलेलं पाणी सोसत नाही, आणि खारट साचलेलं पाणी तर मुळीच नाही. तुतीला जमिनीचा सामू (पीएच) साधारण ६.२ ते ६.८ असलेला आवडतो. अंदमानातल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत, त्यात तुमच्या वावरात क्षारही असतील. खार सोसणारा म्हणून सी-७७६ हा वाण ओळखला जातो. योगायोग असा की व्ही-१ ज्या संकरातून आला, त्यातला एक पालक हाच आहे, दुसरा एस-३०. पण पालकाचा गुण लेकरात उतरेलच असं नाही, म्हणून व्ही-१ खारट जमिनीत चालेल असं यावरून समजू नका. आधी उन्हाळ्याच्या शेवटी माती तपासून घ्या, कारण क्षार तेव्हाच वर आलेले असतात. पावसाळ्यात तपासलेली माती तुम्हाला फसवेल. श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय द्वीप संस्था आहे. सखल, पाणथळ वावरासाठी रुंद उंच वाफे आणि मधे खोल सऱ्या या पद्धतीवर तिथे काम झालं आहे. ते प्रत्यक्ष बघून या. वाफ्यावर सी-७७६ च्या दोन ओळी लावून दोन पावसाळे काढा. त्या तगल्या तर पुढचा विचार करा. तोवर त्या वावरावर कर्ज काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जपानी वाणाचा प्रश्न चटकन मिटवते. इचिनोसे, कोसेन यांसारख्या वाणांचा स्वभाव थंड हिवाळ्याच्या देशात घडला आहे. तिथे तुती पान टाकून झोपी जाते आणि थंडी सरली की एकसारखी फुटते. ज्या बेटावर हिवाळाच नाही, तिथे हे वाण अर्धवट, मागे-पुढे फुटतात, आणि त्यांच्या कांड्या आपल्या वाणांसारख्या सहज मुळं धरत नाहीत. संशोधकांनी संकरासाठी त्यांचा चांगला उपयोग करून घेतला. 'सहाना'मध्येही कोसेनचा अंश आहे. पण थेट बागेत लावण्यासाठी ते तुमच्या कामाचे नाहीत. काळ्या फळांची तुती मुलांसाठी अंगणात एखादी लावा, हौस म्हणून. फळासाठी निवडलेलं झाड आणि पानासाठी निवडलेलं झाड यांची गल्लत करू नका.

आता पार्सल. भाऊ प्रेमाने पाठवू म्हणतो त्या कांड्यांना तुम्ही नको म्हणावं, असं मला सांगावं लागतं आहे. तुतीच्या कांडीबरोबर पिठ्या ढेकूण येतो आणि त्याने शेंड्याला तुक्रा (शेंडा आखडण्याचा विकार) होतो. मुळांबरोबर सूत्रकृमी येतात, मुळकूज येते. मुख्य भूमीवर या किडींचे नैसर्गिक शत्रू थोडेफार असतात, बेटावर ते नसूही शकतात. तुमच्या बागेत रात्री फिरणारी आफ्रिकन गोगलगाय आठवा. ती दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाच्या काळात अंदमानात आली आणि आजही शेतकऱ्यांचा पिच्छा सोडत नाही. चितळ इंग्रजांनी आणून सोडले, त्यांचंही तेच. म्हणून बेणं संस्थेच्या रोपवाटिकेतूनच मागवा, तेही तिथल्या कृषी खात्याला आधी विचारून, तपासून, मातीशिवाय. आणि चितळांचं निघालंच आहे तर एक सांगते: तुतीचं कोवळं पान हरणाला अतिशय आवडतं. कुंपणाचा खर्च पहिल्याच वर्षाच्या हिशोबात धरा. कुंपण नसेल तर तुमची वाणांची तुलना चितळच करतील.

'एकदम एकर लावू का', याचं उत्तर तुम्हाला आत्तापर्यंत कळलं असेल. नाही. पाच वाण घ्या: सहाना, एस-१६३५, सी-२०३८, एस-१३ आणि व्ही-१. प्रत्येकाची चाळीस-पन्नास रोपं लावा. सहा-आठ महिन्यांच्या फांदीची, पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची कांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये सावलीतल्या उंच वाफ्यावर लावली, तर जूनच्या सुरुवातीला रोपं शेतात जायला तयार होतात. कांड्या थेट मुसळधार पावसात लावल्या तर कुजण्याची भीती असते.

मग एक वही करा. प्रत्येक वाणाच्या किती कांड्या मुळावल्या ते लिहा. ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, प्रत्येक ओळीतली दहा झाडं बघा आणि ठिपके, तांबेरा, पिवळं पडलेलं पान, गळ यांची नोंद ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये छाटणी करा. छाटणीपासून दोन-अडीच महिन्यांत फांदी तोडणीला येते, त्या वेळी प्रत्येक वाणाचं दहा झाडांचं पान वजन करा. हाच आकडा तुमच्यासाठी महत्त्वाचा, वर्षाचा नाही. घरच्या काट्यावर आणखी एक परीक्षा होते. शंभर ग्रॅम ताजं पान घ्या, उन्हात आणि मग मंद आचेच्या तव्यावर पूर्ण कोरडं करा, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोला. तीस ग्रॅमच्या आसपास उरलं तर प्रौढ अळ्यांसाठी पान ठीक आहे. वीस-बावीसच उरलं तर ते चॉकीचं पान समजा. तोडलेली फांदी सावलीत सहा तास ठेवून किती कोमेजते हेही पाहा. फांदी पद्धतीत, म्हणजे फांदीसकट पाला घालताना, दिवसातून दोन-तीनदाच खाद्य देणार असाल, तर न कोमेजणाऱ्या पानाचा फार उपयोग होतो.

पुढच्या जानेवारीत थोडे अंडीपुंज (एका पतंगाने घातलेल्या अंड्यांचा पुंजका) आणा आणि प्रत्येक वाणावर दोनशे-दोनशे अळ्या वेगळ्या वाढवून बघा. भावाकडे बायव्होल्टाइनची (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या अळीची) दुहेरी संकरित जात असेल. तुम्ही सुरुवातीला संकरित मल्टी-बाय, म्हणजे वर्षाला अनेक पिढ्या देणारी जात आणि बायव्होल्टाइन यांचा संकर, धरा. बंगालमध्ये निस्तारी या स्थानिक जातीपासून केलेले संकर उष्णता आणि ओलावा जास्त सोसतात. कोष थोडा हलका येईल, पण येईल. दहा कोषांचं वजन आणि त्यातल्या टरफलाचं वजन वाणानुसार लिहून ठेवलंत की निवड आपोआप होते. पुढे मोठी बॅच घ्याल तेव्हा शंभर अंडीपुंजांना साधारण हजार किलो पान, हा ढोबळ हिशोब धरून चाला.

यजमानांच्या शंकेलाही मान द्या. ते विचारतात, एवढं करून कोष विकायचे कुठे? हा प्रश्न वाणाइतकाच मोठा आहे आणि पत्रात तो एका ओळीत गेला आहे. भाऊ ओला कोष टेम्पोत घालून बाजारात नेतो. तुमच्यापासून चेन्नई किंवा कोलकाता जहाजाने तीन-चार दिवस, तेही जहाज वेळेवर सुटलं तर. चंद्रिकेवर (कोष विणण्याच्या चौकटीवर) अळी चढल्यापासून सुमारे दोन आठवड्यांत पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि फुटलेला कोष धाग्याच्या कामाचा राहत नाही. म्हणजे तुम्हाला गरम हवेच्या यंत्रात कोष वाळवावेच लागतील. वाळल्यावर वजन निम्म्याहून कमी, जवळपास चाळीस टक्क्यांवर येतं, तेव्हा भाव वाळलेल्या कोषाचा ठरवून घ्या. वाळवणीयंत्र, शेड आणि मालाचा पक्का खरेदीदार, या तीन गोष्टींचा कागद तयार होईपर्यंत चाचणीच्या पलीकडे जाऊ नका. दरम्यान पावसाळ्यातलं पान वाया जाऊ द्यायची गरज नाही. तुतीचा पाला शेळ्यांना उत्तम चारा आहे. घरात चार शेळ्या असतील तर चाचणीचा खर्च त्यातूनही थोडा निघेल.

एक धोका बागेतच आहे. नारळावर गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंग्यासाठी औषध मारत असाल, तर त्या फवाऱ्याचा एक थेंब अळ्यांची बॅच संपवू शकतो. नारळावरची औषधं आणि तुतीची तोडणी यांचं वेळापत्रक एकाच माणसाच्या हातात ठेवा.

हे वाचणारे इतरही कोणी असतील. मॉरिशसमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणाकडे उसाची जमीन रिकामी असेल, तर त्यांनाही हीच पद्धत लागू आहे, फक्त नकाशा वेगळा. तिथे पश्चिम किनाऱ्यावर हजार मिलिमीटरहूनही कमी पाऊस आणि मधल्या पठारावर त्याच्या कितीतरी पट. पश्चिमेला पाण्याची सोय असेल तर व्ही-१ पासून चाचणी सुरू करणं वावगं नाही. पठारावर मात्र दमट हवेत टिकणारे वाण आधी धरा, आणि चक्रीवादळाच्या महिन्यांत बॅच ठेवू नका. बेट कोणतंही असो, वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू वेगळी मोजा. समुद्राकडून येणारा खारा वारा जिथे थेट लागतो, तिथे आधी वाऱ्याला आडोसा होईल अशी झाडांची रांग उभी करा, मग तुती.

ताई, भावाला फोन कराल तेव्हा कांड्यांऐवजी त्याच्याकडे दुसरं काही मागा. एप्रिल-मेच्या उन्हाळी बॅचला तो शेड कसं थंड ठेवतो, बेडवर चुना कधी आणि किती टाकतो, पाचव्या अवस्थेत फांद्या किती अंतराने देतो, हे त्याला लिहून द्यायला सांगा. जमलं तर एक पूर्ण बॅच त्याच्या शेडमध्ये उभ्या राहून स्वतः काढा. मग परत जाताना वाटेत बहरामपूरच्या संस्थेशी बेण्याबद्दल बोला. उन्हाळ्याच्या शेवटी मातीचा अहवाल आला, की त्यातला क्षारांचा आकडा, सामू आणि मार्चमधली विहिरीची पातळी मला कळवा. खालच्या वावराचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरवू.